विषाणूला चूल नसते

2022 सालचा भादवा महिना. पोळा नुकताच झाला होता. ज्या बैलांच्या शिंगांना बेगड लावली, ज्यांच्या गळ्यात घुंगरमाळा घातल्या, त्यांतलेच काही बैल चारा तोंडात घेईनात. अंग तव्यासारखे तापले. डोळ्यांतून, नाकातून पाणी गळू लागले. मग अंगावर गाठी उठल्या. बोराएवढ्या, लिंबाएवढ्या. मानेवर, पाठीवर, कासेवर. कुणाचे पाय सुजले. दुभत्या गाईंचे दूध आटले.

हा लम्पी रोग. ऑगस्ट महिन्यात तो जळगाव जिल्ह्यात दिसला. पाहता पाहता बुलढाणा, अकोला, अमरावती आणि आपल्या वाशीम जिल्ह्यातही आला. सप्टेंबरात सरकारने जनावरांचे बाजार बंद केले. ऐन हंगामात घरचा बैल बसला म्हणजे काय होते, ते शेतकऱ्याला सांगायला नको.

गोठ्यात डॉक्टर आले की बोलणे एकच. "डॉक्टरसाहेब, एखादी जोराची सुई द्या ना. किती बी पैसे लागू द्या."

डॉक्टर म्हणत, "बाबा, या रोगाच्या विषाणूला मारणारी सुई नाही. ताप उतरवतो. जखमा पिकू नयेत म्हणून औषध देतो. बाकी लढाई जनावरानेच करायची आहे."

"असं कसं बाप्पा? मांगच्या साली गाईले दगडी झाली होती. तवा तं दोन सुयांत बरी झाली!"

दोघेही खरे बोलत होते. कास सुजून दगडी होते ती बहुधा जिवाणूंमुळे. लम्पी होतो तो विषाणूमुळे. जिवाणू आणि विषाणू, दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. दोन्ही रोग करतात. म्हणून आपण दोघांनाही जंतू म्हणतो आणि एकाच दावणीला बांधतो. पण दोघांत मोठा फरक आहे. जिवाणूच्या घरी स्वतःची चूल असते. विषाणूला चूलच नसते. तो दुसऱ्याच्या चुलीवर रांधून घेतो. आता ही चूल कुठली, ते पाहू.

पेशी नावाचा वाडा

भिंत विटांची असते, तसे आपले शरीर पेशींचे असते. गाईचे तसेच, सोयाबीनच्या झाडाचेही तसेच. पेशी इतकी बारीक की नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. पण ती विटेसारखी मुकी नाही. ती भरलेल्या वाड्यासारखी आहे. आत माणसांसारखी धावपळ चालू असते.

वाड्याच्या मधोमध देवघर आहे. तिथे एक जुनी वही जपून ठेवली आहे. वाड्यात जे जे म्हणून रांधायचे, त्याची रीत या वहीत लिहिलेली आहे. शास्त्रज्ञ या वहीला डी.एन.ए. म्हणतात. ही वही कधी देवघराबाहेर काढत नाहीत. काही करायचे असले, की देवघरातला कारकून तेवढ्याच पानाची नक्कल चिठ्ठीवर उतरतो. चिठ्ठीच्या डोक्यावर शिक्का मारतो. ती चिठ्ठी बाहेर स्वयंपाकघरात जाते.

स्वयंपाकघरात चुली आहेत. एक-दोन नव्हेत. आपल्या एका पेशीत लाखो असतात. या चुलीला रायबोसोम असे नाव आहे. आचारी चिठ्ठी वाचतो आणि तिच्यात लिहिल्याप्रमाणे एकेक जिन्नस उचलून दुसऱ्याला जोडतो. जिन्नस सारे मिळून वीस प्रकारचे. एका चुलीवर सेकंदाला पाच-सहा जिन्नस जोडले जातात. त्यांची लांब माळ होते. माळ आपल्याआपण वळते, गुंडाळते, आणि पदार्थ तयार होतो. त्या पदार्थाचे नाव प्रथिन.

डाळीत, अंड्यात प्रथिने असतात, हे तुम्ही ऐकले असेल. पण ती केवळ खाण्याची वस्तू नव्हे. बैलाचे शिंग प्रथिनाचे. खूर, केस, लोकर प्रथिनांची. रक्ताला लाल करते तेही प्रथिन. पोटात अन्न पचवतात ती प्रथिने, आणि रोगाशी लढतात तीही प्रथिनेच. शरीरातले बहुतेक काम प्रथिने करतात. चूल थांबली की काम थांबले.

आता आचाऱ्याची एक खोड लक्षात ठेवा. लग्नाच्या पंगतीत आचारी यादी पाहतो आणि कामाला लागतो. यादी कुणी लिहिली, हे तो विचारत नाही. पेशीतला आचारीही तसाच. डोक्यावर शिक्का असलेली चिठ्ठी आली, की तो रांधतो. विषाणूचे सारे पोट या एका खोडीवर चालते.

पाहुणा येतो आणि घरमालक होतो

विषाणू म्हणजे काय? एक लहानशी डबी, आणि तिच्यात स्वतःच्या घडणीची रीत लिहिलेला धागा. एवढेच. डबी प्रथिनांची असते. विषाणू खात नाही, पीत नाही, श्वास घेत नाही. पेशीबाहेर तो खड्यासारखा पडून राहतो. त्याला जिवंत म्हणावे की निर्जीव, यावर शास्त्रज्ञांचा अजून वाद आहे. आपल्याला त्या वादात पडायचे कारण नाही.

लम्पीचा विषाणू त्यातल्या त्यात मोठा. देवीचा रोग म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल. 1980 साली सगळे जग त्या रोगातून मोकळे झाल्याचे जाहीर झाले. लम्पीचा विषाणू त्याच देवीच्या घराण्यातला आहे. (माणसाला मात्र लम्पी होत नाही. दूध उकळून खुशाल प्यावे.) मोठा म्हटला तरी एका मिलिमीटरच्या रेघेवर असे तीन हजार विषाणू सहज बसतील.

डास, चावणाऱ्या माश्या, गोचीड हे त्याचे वाहन. आजारी जनावराला चावलेली माशी शेजारच्या जनावराला चावते, आणि विषाणू नव्या अंगात शिरतो. पेशीच्या बाहेरच्या पडद्याला तो चिकटतो, आत उतरतो. देवघराकडे तो जात नाही. बाहेर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातच पथारी टाकतो. हे घराणे मोठे तयारीचे! चिठ्ठ्या लिहिणारा कारकून ते बरोबर घेऊन येते. खोटा शिक्का मारण्याचे साधनही आणते. थोड्याच वेळात विषाणूच्या चिठ्ठ्या निघू लागतात. शिक्का हुबेहूब. आचारी रांधू लागतो.

पहिल्या चिठ्ठ्या हत्यारांच्या असतात. पहारेकऱ्यांना चकवण्याची हत्यारे, आणि विषाणूच्या धाग्याच्या नकला काढण्याची हत्यारे. नकला निघाल्या, की दुसऱ्या खेपेच्या चिठ्ठ्या येतात. त्या डबीच्या भागांच्या असतात. आणखी एक हत्यार फार इरसाल आहे. ती एक कात्री आहे. ती वाड्यातल्या चिठ्ठ्यांवरचे शिक्के कापत सुटते. शिक्का गेला की आचारी चिठ्ठी बाजूला टाकतो. घरचा स्वयंपाक बंद पडतो, आणि चुली पाहुण्यासाठी मोकळ्या होतात. गंमत अशी, की ही कात्री आंधळी आहे. ती विषाणूच्याही चिठ्ठ्या कापते. पण विषाणू इतक्या भराभर नव्या लिहितो, की त्याला त्याचे काही वाटत नाही.

शेवटी डबीचे भाग गोळा होतात. प्रत्येक डबीत एक-एक धागा जातो. नवे विषाणू तयार होऊन शेजारच्या पेशींकडे निघतात. वाडा मोडतो. अशा मोडलेल्या वाड्यांच्या जागी कातडी सुजते. जनावराच्या अंगावर दिसते ती गाठ.

यात विषाणूने स्वतः किती रांधले? एक घासही नाही. कारकून त्याचा, शिक्का त्याचा, कात्री त्याची. पण कारकून काय, कात्री काय, कुठल्या ना कुठल्या पेशीच्या चुलीवरच घडलेली. चूल गाईची, जिन्नस गाईचे, सरपणही गाईचेच.

सुई का लागू पडत नाही

आता डॉक्टरांचे म्हणणे समजेल.

जिवाणू हा एक छोटा पण पुरा संसार आहे. त्याची स्वतःची चूल आहे. आणि त्याची चूल आपल्या चुलीपेक्षा घडणीने थोडी वेगळी आहे. टेट्रासायक्लिन, स्ट्रेप्टोमायसिन ही औषधे नेमकी जिवाणूच्या चुलीवर पाणी ओततात. गाईची चूल तशीच पेटती राहते. पेनिसिलीनची तऱ्हा निराळी. ते जिवाणूची भिंत पुरी होऊ देत नाही. गाईच्या पेशीला तशी भिंतच नसते, म्हणून गाईला धक्का लागत नाही. जिवाणू मरतो, गाय वाचते. दोन सुयांत दगडी बरी होते ती अशी.

विषाणूच्या बाबतीत पाणी ओतायचे कुठे? चूल तर गाईची. ती विझवली तर विषाणू थांबेल, पण गायही जाईल. म्हणून ही औषधे विषाणूवर चालत नाहीत. कितीही महागडी असोत, कितीही जोराची असोत.

मग लम्पीच्या जनावराला डॉक्टर कधी कधी तीच सुई का देतात? गाठी फुटतात, जखमा होतात, त्यांत जिवाणू शिरतात. ती सुई त्या जिवाणूंसाठी असते. हे न कळल्यामुळे कुणी दुकानातून परस्पर औषध आणतो आणि मनाने टोचतो. पैसा जातो, आणि वर दुसरे नुकसान होते. अर्धवट औषध खाल्लेले जिवाणू पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत. सर्दीपडशाला स्वतः अशा गोळ्या घेणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. साधी सर्दी विषाणूची असते.

विषाणूवर चालणारी औषधे मुळीच नाहीत असे नव्हे. माणसांच्या काही रोगांवर ती आहेत. ती चुलीला हात लावत नाहीत. विषाणूने आणलेल्या किंवा करवून घेतलेल्या हत्यारांवर ती घाव घालतात. पण प्रत्येक विषाणूची हत्यारे निराळी. म्हणून एकाचे औषध दुसऱ्याला सहसा चालत नाही.

सोयाबीनचा वाडा

गोठ्यातून आता वावरात जाऊ. 2023 च्या खरिपात विदर्भात सोयाबीनवर पिवळा मोझॅक फार आला. हिरव्या पानांवर पिवळे चट्टे पडले. मग पाने पिवळीधमक झाली. शेंगा कमी लागल्या, दाणा भरला नाही. मूग-उडदावरही हा रोग येतो.

हाही विषाणूच. पण लम्पीपुढे अगदी दरिद्री. लम्पीच्या धाग्यावर सुमारे दीड लाख अक्षरे असतात. पिवळ्या मोझॅकजवळ दोन लहान कडी असतात. एकेका कड्यावर सुमारे 2700 अक्षरे. त्याच्याजवळ कारकून नाही, शिक्का नाही, कात्री नाही. पांढरी माशी पानात सोंड खुपसते आणि त्याला आत सोडते. तो सरळ पेशीच्या देवघरात शिरतो आणि आपली कडी घरच्या वहीशेजारी नेऊन ठेवतो. घरचा कारकून त्यावरून चिठ्ठ्या लिहितो आणि घरचाच खरा शिक्का मारतो. नकलासुद्धा झाडाकडूनच काढून घेतो. आचाऱ्याला संशय येण्याचे कारणच नाही.

मोठ्या विषाणूने चार हत्यारे आणली, लहानाने एकही नाही. पण चूल दोघांकडेही नाही.

रोग दिसला की शेतकरी दुकानात धाव घेतो. तिथून बुरशीचे औषध घेऊन येतो. पण बुरशीचे औषध बुरशीला मारते. विषाणूला त्याचे काय? झाडात शिरलेला मोझॅक काढून टाकील असे फवारणीचे औषध नाही. फवारा मारायचा तो पांढऱ्या माशीवर, आणि तोही वेळेवर. सुरुवातीला दिसलेली पिवळी झाडे उपटून नष्ट करायची, म्हणजे माशीला विष उचलायला जागा राहत नाही. पिवळे चिकट सापळे लावायचे. रोगाला दाद न देणारे वाण पेरायचे. कुठला वाण, कुठले औषध, किती मात्रा, हे रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात विचारावे. झाडाला रक्त नाही, रक्तात फिरणारे पहारेकरी नाहीत. त्याला लस टोचता येत नाही. गाईला येते, माणसाला येते.

आपलीच युक्ती आपण उचलली

कोरोना तर सर्वांनी भोगला. 2021 च्या फेब्रुवारीत रिसोड तालुक्यातल्या एका वसतिगृहात दोनशेहून अधिक मुलांना त्याची लागण झाली होती. या विषाणूची तऱ्हा तिसरीच. त्याचा धागा म्हणजेच चिठ्ठी. त्याला कारकुनाची वाट पाहावी लागत नाही. आत शिरला, की चिठ्ठी थेट चुलीवर. सुरुवातीलाच रांधलेल्या प्रथिनांतले एक मोठे चलाख असते. ते चुलीच्या तोंडात बोळ्यासारखे बसते. घरच्या चिठ्ठ्या आत जाईनात. विषाणूच्या चिठ्ठीच्या डोक्याशी मात्र एक खूण असते. ती खूण असली की वाट मिळते.

2020 च्या मार्चमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत हा विषाणू रुग्णांच्या नमुन्यांतून वेगळा काढला. त्यापासून कोव्हॅक्सिन लस झाली. तिच्यात मारलेला विषाणू असतो. तो चुलीपर्यंत जात नाही. आपले पहारेकरी त्याचे प्रेत पाहून त्याचा चेहरा ओळखायला शिकतात.

पण आपल्या गावांत पुष्कळांनी घेतली ती कोव्हिशील्ड. पुण्याच्या सीरम संस्थेत ती तयार झाली. तिची गोष्ट वेगळी आहे. चिंपांझी नावाच्या मोठ्या माकडाला सर्दी करणारा एक विषाणू घेतला. त्याला पांगळा केला, म्हणजे त्याची पिल्ले होऊ नयेत. मग त्याच्या धाग्यात कोरोनाच्या फक्त एका प्रथिनाची रीत लिहिली. कोरोनाच्या चित्रात चेंडूवर काटे दिसतात ना? त्या काट्याची. सुई दंडात गेली. तिथल्या पेशींच्या देवघरात ती रीत पोचली. कारकुनाने चिठ्ठी लिहिली. आचाऱ्याने नेहमीप्रमाणे न विचारता रांधले. काटा तयार झाला, पण नुसता काटा. त्याच्यामागे विषाणू नाही. पहारेकऱ्यांनी काटा पाहिला आणि ओळख पटवून ठेवली. दुसऱ्या दिवशी अंग मोडून ताप आला, तो बहुतेकांना या धावपळीचाच.

म्हणजे ज्या युक्तीने विषाणू आपल्याला लुटतो, तीच युक्ती लस करणाऱ्यांनी उचलली. आपल्याच चुलीवर शत्रूचे चित्र रांधून घेतले. त्या वेळी एका आजीने विचारले होते, "हे चिठ्ठी अंगात तशीच राहते काय गा?" नाही राहत. चिठ्ठी ही रोजच्या कामाची वस्तू. ती वापरली जाते आणि विरून जाते. विषाणू पांगळा, म्हणून तो वाढत नाही. ज्या पेशींनी काटा रांधला, त्यांना पहारेकरी हळूहळू काढून टाकतात.

पुन्हा गोठ्यात

लम्पीवर 2022 साली आपल्या राज्यात शेळ्यांच्या देवीची लस टोचली. एक कोटीहून जास्त गाई-बैलांना ती मिळाली. शेळीची लस गाईला कशी? दोन्ही विषाणू जवळचे भाऊबंद आहेत. चेहरेपट्टी सारखी. एकाला ओळखणारा पहारेकरी दुसऱ्यालाही ओळखतो. या लसीतला विषाणू जिवंत पण दुबळा असतो. तो गाईची चूल थोडी वापरतो. मात्र घर ताब्यात घेण्याइतका जोर त्याच्यात नाही.

पहारेकरी तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. उलट खरा विषाणू अंगात शिरल्यावर रोग दिसायला एक ते चार आठवडे लागतात. म्हणून शेजारच्या गोठ्यात गाठी दिसल्यावर टोचलेले एखादे जनावर तरीही आजारी पडते. मग लोक लसीला नावे ठेवतात. खरे पाहता विषाणू सुईच्या आधीच चुलीपाशी पोचलेला असतो.

आजारी जनावर वेगळे बांधावे. गळून पडलेल्या खपल्या उकिरड्यावर टाकू नयेत, कारण वाळलेल्या खपलीत हा विषाणू महिनाभराहून जास्त टिकतो. मेलेले जनावर ओढ्याकाठी फेकू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. गोठ्यात पाणी साचू देऊ नये, गोचीड काढावे, संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करावा. माश्या आणि डास पावसाळ्यात वाढतात. तेव्हा टोचणी करायची ती मृगाच्या आधी महिनाभर, वैशाखात.